जिन्याच्या वरच्या टप्प्यावरून
लायटिंग, लेन्स, फिल्टर यांवर आम्ही छायालेखक तासन्‌तास बोलतो. पण कॅमेरा कुठे ठेवायचा हे एकदा ठरलं की बाकीचं बरंचसं आपोआप ठरतं. माझी ही खात्री पटली ती दिग्दर्शक मॅक्स ओफल्सच्या 'लेटर फ्रॉम ॲन अननोन वुमन'मुळे.

१९४८ सालचा हा कृष्णधवल चित्रपट स्टेफान झ्वाइगच्या कथेवर बेतलेला. १९०० च्या सुमाराचं व्हिएन्ना हॉलिवूडच्या सेटवर उभं केलेलं. लिझा (जोन फॉन्टेन) त्याच इमारतीत राहायला आलेल्या पियानोवादकावर (लुई जूर्दां) जीव ओवाळून टाकते, आणि तो तिला दरवेळी विसरतो.

आई दुसरं लग्न करून लिन्झला निघालेली असते, तेव्हा लिझा स्टेशनवरून पळून परत येते. रात्री जिन्याच्या वरच्या टप्प्यावर त्याची वाट बघत थांबते. तो येतो, पण सोबत हसणारी एक बाई. कॅमेरा लिझाच्या मागे आहे. तिच्या खांद्यावरून आपण खाली बघतो. दोघं वर येतात, दाराआड जातात. पुढे काही वर्षांनी लिझा स्वतः त्याच्याबरोबर तोच जिना चढते. कॅमेरा पुन्हा तिथेच, त्याच उंचीवर, तसाच वळत जातो. वर मात्र आता कुणी उभं नाही. तिचं स्वप्न खरं होतंय आणि आपल्या पोटात कालवतं, कारण ती नेमकी त्या बाईच्या जागी आलेली असते. हे तिला कुणी सांगत नाही. आपल्याला फक्त कॅमेरा सांगतो.

आमच्याकडे मालिकेच्या सेटवर असा प्रसंग आला की लगेच क्लोजअप, ग्लिसरीन आणि व्हायोलिन. मला ते मनापासून खटकतं. प्रेक्षकाच्या स्मरणशक्तीवर विश्वास ठेवायला आपण इतके का घाबरतो?

या चित्रपटाचा छायालेखक फ्रान्झ प्लॅनर. त्यानं आणि ओफल्सनं १९३३ मध्ये जर्मनीत 'लीबेलाय' केला होता, तीही व्हिएन्नातलीच शोकांतिका. त्याच वर्षी नाझी सत्तेवर आले आणि ओफल्सला देश सोडावा लागला. चित्रपटात व्हिएन्नातल्या प्राटर बागेच्या जत्रेतली खोटी रेल्वे बघताना मला ते देश सोडणं आठवतं. लिझा आणि तो बसलेला डबा जागचा हलत नाही, एक म्हातारा पॅडल मारतो, खिडकीबाहेर रंगवलेलं व्हेनिस सरकतं, मग स्वित्झर्लंड. देश संपले की पुन्हा पहिल्यापासून. यंत्र उघड दिसतं, तरी त्या डब्यातलं प्रेम खोटं वाटत नाही.

कॅमेरा हाती घेणाऱ्या मुलामुलींनो, ट्रॉलीचे रूळ टाकण्याआधी हा जिना दोनदा बघा. एकदा लिझासाठी, आणि एकदा आवाज बंद करून, कॅमेऱ्याच्या उंचीसाठी.