सातबारा बघून येणारं अनुदान

शहराचा पुनर्विकास म्हटलं की नांदेडमध्ये 2008 सालाचं नाव निघतं. गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी जेएनएनयूआरएममधून केंद्राचा पैसा आला, रस्ते रुंद झाले, गुरुद्वारा परिसर पालटला. ते व्हायलाच हवं होतं, त्याला आमचा विरोध नाही. पण त्याच अभियानात बीएसयूपी नावाचा दुसरा भागही होता: झोपडपट्टीतल्या माणसाला पक्कं घर. नांदेडसारख्या शहरात त्यात 80 टक्के वाटा केंद्राचा, आणि अनुसूचित जातीच्या लाभार्थ्याने किमान 10 टक्के भरायचे.

रस्त्यांना सोहळ्याची तारीख होती. घरकुलांना कुणाची तारीख होती? कॅगने 2012 मध्ये देशभराचा हिशेब मांडला. मार्च 2011 पर्यंत मंजूर झालेल्या 1,298 पायाभूत प्रकल्पांपैकी 231 पूर्ण आणि 1,517 गृहप्रकल्पांपैकी फक्त 22. पहिला आकडाही लाजिरवाणाच, पण बावीस! शिवाय रस्ता रखडला तर लोक खड्ड्यांतून जातात. जागेवरच घरकुल बांधायचं तर आधी राहतं पत्र्याचं घर आपल्या हाताने पाडावं लागतं. मग हप्ता अडला की काम थांबतं, खोलीचं भाडं थांबत नाही.

आता लातूरकडे बघा. तिथलं उदाहरण शहरातलं नाही, पण सरकारी मदत कशी मोजली जाते ते त्याच्याइतकं उघड कुठेच दिसत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर गावं नव्या जागी वसवली, तेव्हा घरं तीन मापांची ठरली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना 400, त्याहून मोठ्यांना 750. घरात माणसं किती, हा प्रश्नच नव्हता. भूकंपाने सातबारा पाहिला नाही, पुनर्वसनाने पाहिला.

प्रधानमंत्री आवास योजना 2015 साली आली. स्वतः घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख; पण जागा नावावर हवी, आणि पैसे जोतं, छत अशा टप्प्यांनी. म्हणजे आधी उसनवारी करून बांधा, मग फोटो काढा, मग वाट बघा. रमाई आवासमध्येही अडतं ते जागेपाशीच. बिल्डरचं मात्र वेगळं. 2021 मध्ये राज्याने बांधकामाचं अधिमूल्य वर्षअखेरपर्यंत निम्मं केलं. बदल्यात त्याने ग्राहकाचं मुद्रांक शुल्क भरायचं, एवढीच काय ती अट. त्याला सवलत वीट रचण्याआधी, आमच्या माणसाला रचल्यानंतर. याला कुणी 'प्रोत्साहन' म्हणत असेल तर म्हणो.

आमच्या माणसाच्या नावावर जागा का नाही, हे मराठवाड्याला सांगायला नको. 1978 मध्ये नामांतराच्या ठरावानंतर नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे मारले गेले, वस्त्या जळाल्या. गाव सोडून शहराच्या कडेला, नाल्याकाठी, सरकारी जमिनीवर पाल टाकणाऱ्याने खरेदीखत कुठून आणायचं? त्यालाच पुढे अतिक्रमणधारक म्हटलं जातं.

म्हणून मित्रांनो, घरकुलाच्या यादीत नाव घालण्यासाठी नगरसेवकाच्या मागे फिरण्याआधी पट्टा मागा. सरकारी जमिनीवरची 1 जानेवारी 2011 पूर्वीची निवासी अतिक्रमणं नियमानुकूल करण्याचं धोरण शासनाचंच आहे. माहिती अधिकारात विचारा: आपल्या वस्तीची मोजणी कधी झाली, पट्ट्यांचे किती अर्ज पडून आहेत आणि कोणत्या टेबलावर, मंजूर घरकुलांपैकी किती जोत्यावर थांबली, आणि थांबलेल्यांचा पुढचा हप्ता कोणत्या तारखेला निघणार. अर्जाचं शुल्क दहा रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. जयंती मंडळाच्या एका बैठकीत वस्तीतले सगळे अर्ज लिहून होतात.