पटावरची नावे

पुण्यात पर्वतीच्या उतारावरील एका वस्तीत शाळा सुटल्यानंतर भरणारी अभ्यासिका मी काही वर्षे चालवीत होते, आणि तिचा सारा खर्च ज्या कंपनीच्या अनुदानातून भागत असे तिच्याशी झालेल्या करारनाम्यात एक कलम असे होते की, पटावरील मुलांची सरासरी उपस्थिती शेकडा 80 च्या खाली गेल्यास पुढील तिमाहीचा हप्ता रोखून धरण्यात येईल. कलमात गैर काही नव्हते. 2013 च्या कंपनी कायद्याच्या 135 व्या कलमान्वये मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकी किमान 2 टक्के रक्कम समाजकार्यासाठी खर्चावी लागते व तिचा हिशेब द्यावा लागतो. आणि दूरच्या कचेरीत बसून वस्तीतल्या मुलांचे वाचन किती सुधारले हे पारखणे दुष्कर असल्यामुळे, जी सहज मोजता येते ती हजेरी मोजली जाते.

पहिल्या सहामाहीत पटावर 60 मुले होती आणि रोज सरासरी 42 येत, म्हणजे शेकडा 70. उरलेली मुले त्या वेळी कोठे असतात हे पाहण्यासाठी आमच्या ताई आणि मी घरभेटींना निघालो, तेव्हा दिसले ते असे की, आमचा वर्ग भरण्याच्या नेमक्या वेळी नळाला पाणी येई. आई चार घरची धुणीभांडी उरकून अंधार पडल्यावर परते, आणि तोवर तान्ह्या भावंडाला सांभाळीत, हंडे भरीत, दहा-अकरा वर्षांची मुलगी घर राखी. गणपती जवळ आले की मोठी मुले ढोलपथकांच्या सरावाला जात. आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रांना किंवा मृगाच्या पेरणीला कुटुंबेच्या कुटुंबे गावी निघून जात. अभ्यासाची नावड या कारणांत क्वचितच आढळली. एका घरी तर मुलगी उंबऱ्यात पुस्तक उघडून बसली होती आणि मांडीवर भाऊ झोपला होता.

हे दुखणे जुने आहे. 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी, गरीब शेतकऱ्यांची मुले गुरे राखण्यात व शेत सांभाळण्यात गुंतलेली असतात हे नोंदवून, त्यांच्यासाठी शिष्यवृत्त्यांची व बक्षिसांची तजवीज मागितली होती. शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करताना मुलांना शाळेत न पाठविणाऱ्या पालकांस दरमहा 1 रुपया दंड ठेवला होता. छत्रपतींच्या दंडामागे शाळा उभारून देण्याचे राजाचे सामर्थ्य होते. आमच्यासारख्या अनुदानावर जगणाऱ्या अभ्यासिकेला फुल्यांचीच वाट मोकळी होती, आणि माझ्या मते तीच न्याय्यही होती.

याच सुमारास अनुदानकर्त्यांच्या वतीने दफ्तर तपासण्यास आलेल्या एका सद्गृहस्थांनी मोठ्या सौजन्याने सुचविले की, जी 10 मुले सतत गैरहजर असतात त्यांची नावे पटावरून कमी करावीत. त्या दहांपैकी रोज फार तर दोघे येत; ती वगळली तर 50 पैकी 40, म्हणजे बरोबर शेकडा 80. सूचना नियमांत बसणारी होती आणि एका दुपारच्या कामात आमचे संकट टळणार होते. परंतु त्या दहांत सात मुली होत्या, आणि त्या सातही जणी पाणी भरणाऱ्या वा भावंडे सांभाळणाऱ्या होत्या. ज्यांच्या अडचणी मांडून आम्ही हे अनुदान मागितले त्यांनाच वगळून ते टिकवावयाचे, हे मला कदापि मान्य होण्याजोगे नव्हते. मी नावे तशीच ठेवली.

त्याऐवजी वर्गाची वेळ पाणी येऊन गेल्यानंतरची, साडेसहाची, केली. धाकट्या भावंडांना घेऊन येण्याची मुभा दिली. त्यांच्यासाठी कोपऱ्यात सतरंजी अंथरली आणि वस्तीतल्याच एका आजींना त्यांच्याजवळ बसविले. आजींना द्यावयाच्या मानधनाची तरतूद मंजूर अंदाजपत्रकात नव्हती, सबब शैक्षणिक साहित्याच्या शीर्षातील रक्कम तिकडे वळविण्यासाठी सविस्तर अर्ज करावा लागला; आणि त्याच अर्जात, गावी गेलेल्या मुलांची रजा वेगळ्या रकान्यात दाखविण्याची परवानगी मागितली. मानधन मंजूर झाले, रकाना नामंजूर झाला.

वर्षअखेरीस पटावर 60 नावे होती आणि सरासरी 47 वर आली होती, म्हणजे शेकडा 78. लेखी कैफियत दिल्यावर हप्ता उशिराने का होईना मिळाला. सातांपैकी सहा मुली बहुतेक रोज येत होत्या. सातवीचे बिऱ्हाड हडपसरला गेले, तिचे नाव तेवढे रीतसर कमी करून तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली. दहांतील तिघे मुलगे मात्र आले नाहीत. चौदा-पंधरा वर्षांची ती मुले लग्नसराईत मंगल कार्यालयांतून वाढप्यांचे काम करून रात्री उशिरा रोख मजुरी घेऊन घरी परतत, आणि दुपारी शाळेत डुलक्या घेत. त्यांच्यासाठी सकाळी दहाचा स्वतंत्र वर्ग हवा, अशी मागणी मी पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात घातली, आणि त्या वर्गाची उपस्थिती लग्नसराईत शेकडा 80 होणार नाही, हेही त्याच पानावर स्पष्ट लिहून दिले.