रोल्लातला तोळा

शारजातला रोल्ला चौक ज्या वडामुळे रोल्ला झाला, तो वड १९७८ साली कोसळला; नाव राहिलं. तोळ्याचंही तसंच! इथल्या सराफाच्या फलकावर भाव ग्रॅमचा, जागतिक बाजारात ट्रॉय औंसाचा (३१.१ ग्रॅम), आणि गावाहून आत्याचा फोन, "पाच तोळ्यांच्या पाटल्या आण रे." कुठले तोळे? आजचा सराफी तोळा १० ग्रॅमचा; आजीच्या यादीतला १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. पाच तोळ्यांत ८.३ ग्रॅमचा फरक! वाटणीत एवढ्यावरून भावंडं अबोला धरतात. आखातातलं दहा तोळ्यांचं बिस्कीट अजून जुन्या मापाचं: ११६.६४ ग्रॅम, बरोब्बर पावणेचार औंस. किराणाचा २८.३५ ग्रॅमचा औंस मात्र सोन्याला लावू नये. आत्याला मी आधी ग्रॅम विचारले.