जुना ट्रॅक्टर घेताना

बैल विकत घेताना आपले वाडवडील त्याचे दात मोजीत, खूर पाहत, चार पावले चालवून बघत आणि मगच रुमालाखाली बोटे धरून सौदा करीत. ट्रॅक्टर घेताना मात्र जाणती माणसेही नवा रंग, नवे टायर आणि मालकाचा गोड शब्द यांवर भुलतात, याचे आम्हांस नेहमीच नवल वाटत आले आहे.

फादर लोकांना यंत्रातले काय कळणार, असे कोणी म्हणेल. परंतु आमचे बालपण शेतावर गेले आणि सेमिनरीतून सुट्टीला घरी आलो की ट्रॅक्टर आमच्याच हाती असे. म्हणूनच गेल्या उन्हाळ्यात धर्मग्रामातील एक तरुण आमच्याकडे आला. वडील वारलेले, घरी थोडा ऊस, आई आणि लग्नाची बहीण. जुना ट्रॅक्टर घेऊन इतरांची नांगरट भाड्याने करावी, हा त्याचा बेत. त्यासाठी दोन म्हशी विकल्या होत्या आणि आईच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या.

"फादर, तुम्ही एकदा बघा. रंग तर अगदी नव्यासारखा आहे," तो म्हणाला.

"अरे, रंगाने का नांगर ओढला जातो? आधी क्लच पाहू," आम्ही म्हणालो.

क्लचच का, असा प्रश्न वाचकांना पडेल. आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांना मोटारीसारखी वेगळी चासी नसते. इंजिन आणि गिअरबॉक्स बोल्टांनी एकमेकांना जोडलेले असतात आणि तोच यंत्राचा कणा असतो. क्लच या दोहोंच्या मध्ये बसतो. त्याची प्लेट बदलायची म्हणजे ट्रॅक्टर मधोमध उकलून त्याचे दोन भाग करावे लागतात. सुट्या भागांच्या किमतीवर मजुरी चढते आणि ऐन हंगामात यंत्र उभे राहते.

प्रथम आम्ही पेडल हाताने दाबून पाहिले. सुरुवातीला ते थोडे सैल हलले पाहिजे. नेमके माप त्या त्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असते. ते ठीक होते. मग इंजिन चालू करून पेडल पूर्ण दाबले, क्षणभर थांबलो आणि गिअर टाकला. या वेळी दात करकरले तर क्लच पुरता सुटत नाही असे समजावे. पावसात बरेच दिवस उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरची प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते, तेव्हाही असेच होते. पेडल दाबताच घरघर सुरू झाली आणि सोडताच थांबली, तर रिलीज बेअरिंगवर संशय घ्यावा. येथे दोन्ही बाबी निर्दोष निघाल्या आणि तरुणाचा चेहरा खुलला.

मग मोकळ्या, सपाट जागेवर पुढे-मागे कोणी नाही हे पाहून आम्ही दोन्ही ब्रेक एकत्र जोडून घट्ट दाबले, वरचा गिअर टाकला आणि कमी वेगावर पेडल हळूहळू सोडले. क्लच धडधाकट असेल तर इंजिन बंद पडते. हे बंद पडले नाही, गुणगुणतच राहिले. ही परीक्षा क्षणभरच घ्यावी, नाहीतर तीच प्लेट जाळते. नंतर भरलेली ट्रॉली जोडून चढावर नेली. इंजिनाचा आवाज चढला, चाकांचा वेग मात्र वाढेना, आणि जळका वास आला. खाली वाकून पाहिले तो क्लचच्या घराखाली तेलाचा थेंब लोंबत होता.

"नुसते ॲडजस्ट करायचे आहे, फादर," मालक म्हणाले.

"मग करून घ्या. आम्ही थांबतो," आम्ही उत्तरलो.

मिस्त्रीने पाहिले, तर फिरवायला आटेच उरले नव्हते. पेडलाची ढील ठीक दिसत होती ती त्यामुळेच. प्लेट झिजत गेली आणि आटे संपेपर्यंत ढील जुळवली गेली.

नांगरट तोंडावर आलेली, हातात पैसे, समोर यंत्र. अशा वेळी नाही म्हणणे किती जड जाते, हे त्या तरुणाच्या डोळ्यांत आम्ही पाहिले. तरीही तो रिकाम्या हाताने परतला. तीन दिवसांनी मालकांचा निरोप आला, "तुमच्यासमोर उकलू." उकलल्यावर दिसले, की प्लेटचे अस्तर रिव्हेटांपर्यंत झिजून फ्लायव्हीलवर चरे पडले होते आणि मागचे ऑइल सील गळत होते. मालकही अचंबित झाले. त्यांचा ड्रायव्हर चालवताना पाय सदैव पेडलवरच टेकवून ठेवी, हे त्यांना ठाऊक नव्हते. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि सील असे सारे एकदमच बदलले, फ्लायव्हील लेथवर साफ केले. खर्च मालकांनी सोसला आणि सौदा दोघांनाही मान डोलावून झाला.

परीक्षा घेणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असा आपल्या भोळ्या माणसांचा समज असतो. उलट, नीट पाहून घेतलेल्या वस्तूवरून पुढे भांडण होत नाही आणि विकणाऱ्याचेही नाव राखले जाते. वाचकहो, जुने यंत्र घ्यायला जाल तेव्हा जाणता मिस्त्री सोबत न्या, अर्धा दिवस मोकळा ठेवा आणि भार जोडल्याशिवाय पैसे मोजू नका. त्या पैशांत कोणाच्या तरी आईच्या पाटल्या असतात.