अंगावर काढलेलं

माझ्या पिशवीत पावतीपुस्तक कायम असतं. हल्ली बऱ्याच देणग्या यूपीआयवर येतात, पावती ईमेलनं जाते. तरी हे निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक मी सोडलेलं नाही. दोन पानांच्या मध्ये कार्बन सरकवायचा, पेन जरा दाबून धरायचं, खालच्या पानावर अक्षर उमटलं का ते कोपरा उचलून बघायचं. पावतीवर नाव, अक्षरी रुपये, 'कारण' आणि 'यांच्या स्मरणार्थ' अशा ओळी छापलेल्या आहेत. नाव आणि रुपये भराभर लिहून होतात. 'कारण'पाशी पेन थांबतं.

आमची संस्था स्त्रियांविषयी संशोधन करते. पुण्यात दोन खोल्या, चार टेबलं, भिंतभर फायली. कुणाच्या नावावर जमीन आहे, कोण किती तास राबतं, कुणाला काय दुखतं, हे बायकांच्या घरी जाऊन, त्यांच्या सवडीनं विचारायचं आणि नीट लिहून ठेवायचं, एवढं आमचं काम. आम्ही शिलाई मशिनं वाटत नाही, दप्तरं वाटत नाही. आमच्याकडे फोटो काढण्यासारखं काही नसतं. या कामासाठी पैसे उभे करायची जबाबदारी गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे.

सुरुवातीच्या वर्षातली एक बैठक अजून आठवते. कंपनी कायदा २०१३ सालचा. मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे, असं त्यात आलं आणि आमच्यासारख्या संस्थांची पावलं काचेच्या इमारतींकडे वळली. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी आमचा प्रस्ताव मनापासून वाचला होता. त्यांनी विचारलं, "लाभार्थी किती?" मी म्हटलं, चारशे बायकांशी बोलणार आहोत. "ते ठीक. पण बोलून त्यांना मिळणार काय?" त्यांच्या प्रश्नात खोच नव्हती. त्यांच्या फॉर्मवर तो रकाना होता आणि तो भरायचा होता. मला मात्र तेव्हा उत्तर सुचलं नाही. घरी येताना बसमध्ये सुचलं, आणि ते गडचिरोलीचं होतं.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत बायकांची तपासणी केली, तो अभ्यास १९८९च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दवाखान्यात आलेल्या बायका मोजणं सोपं होतं. त्यांनी गावातल्या बायका मोजल्या. ज्या कधी दवाखान्यात आल्याच नव्हत्या, त्यासुद्धा. ६५० जणी तपासल्या. त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला. आणि याआधी आयुष्यात एकदा तरी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून मी कितीतरी वेळा बघत बसले आहे. तोवर गरीब देशातल्या बाईचं आरोग्य म्हणजे तिची बाळंतपणं आणि तिची नसबंदी, एवढाच हिशेब सरकारदरबारी चाले. मधल्या सगळ्या वर्षांत तिला काय होतं, हे कुणी विचारलं नव्हतं. दोन गावांत कुणीतरी विचारलं, आणि ते जगाला ऐकावं लागलं.

आपल्या भाषेत या सगळ्याला एक शब्द आहे. अंगावर काढणं. ताप अंगावर काढतात, दुखणं अंगावर काढतात, बाळंतपण झाल्यावर दहाव्या दिवशी विहिरीवर जाऊन तेही अंगावर काढतात. आजारी पडून उपचार न घेणं यासाठी इतका घरगुती, इतका सहज शब्द आपल्याकडे आहे, आणि मला लहानपणापासून तो बायकांच्याच तोंडून ऐकू आला. माझी आजी तो जवळजवळ अभिमानानं वापरायची. पण अंगावर काढलेल्याची नोंद कुठे होत नाही. दवाखान्याच्या रजिस्टरात येते ती आलेल्या बाईची ओळ. न आलेलीची ओळ लिहायची, तर तिच्या दारात जाऊन बसावं लागतं, पुन्हा जावं लागतं, तिचा नवरा किंवा सासू बाहेर जाईपर्यंत इकडचं तिकडचं बोलत राहावं लागतं. आम्हाला पैसे लागतात ते या बसण्यासाठी.

मी स्वतः एका पाहणीला बीडकडे गेले होते. ऊसतोडीहून परतलेली एक बाई, वय तीस-बत्तीस, ज्वारी निवडत बोलत होती. सुपातून खडा बाजूला टाकावा तशी म्हणाली, "पिशवी काढली ना. मागच्या साली." दुसरीही काढली म्हणाली, तिसरीही. कोयत्यामागे उचल घेतलेली असते. एक दिवस खाडा झाला तर मुकादम दंड लावतो. पाळीचे चार दिवस कुठून आणायचे? हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही, हिशेब म्हणून सांगितलं. २०१९मध्ये हा प्रश्न पेटला, शासनानं समिती नेमली, तेव्हा जिल्हाभर मोजणी झाली. त्याआधी कितीतरी कार्यकर्त्या आणि अभ्यासक बायका अशाच सुपांपाशी बसल्या होत्या.

त्या प्रवासाचा खर्च मी देणगीदारांना सांगते तेव्हा त्यांना आश्चर्य वाटतं. जीपचं भाडं, दोन मुलींचं मानधन, मुक्कामाचं जेवण. आणि मग लिहिणं. एका तासाचं बोलणं कागदावर उतरवायला सहा-सात तास लागतात, कारण मराठवाड्यातली बाई जसं म्हणाली तसंच ते उतरलं पाहिजे. 'गर्भाशय' लिहून चालत नाही, 'पिशवी'च लिहावं लागतं. आमच्याकडे जुन्या कॅसेटींचं एक कपाट आहे. नव्वदच्या दशकातल्या मुलाखती. त्यांतल्या बऱ्याचजणी आता नाहीत. एका पावसाळ्यात फितीवर बुरशी धरलेली दिसली, पांढरी, पिठासारखी. मी ती कॅसेट हातात घेऊन खिडकीपाशी उभी राहिले. त्या बाईचा आवाज मला पाठ होता, मधेच खोकायची ती. हवेतली ओल शोषणारं यंत्र घ्यायला पैसे हवे होते. सभागृहाला नाव द्यायला देणगीदार मिळतो. ओल शोषणाऱ्या यंत्राला मिळवायला मला वर्ष लागलं.

अशा वेळी मी हिंगण्याच्या वाटेचा आधार घेते. धोंडो केशव कर्वे हिंगण्याहून फर्ग्युसनला शिकवायला चालत येत, आणि उरलेला वेळ तिथल्या विधवांच्या आश्रमासाठी पैसे मागत. त्यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले जास्त जवळच्या वाटतात. तरुणपणी विधवा झालेल्या, उशिरा शिकलेल्या. विधवेनं चारचौघांत उभं राहणं अपशकुन मानत त्या काळात त्या गावोगाव सभेत उभ्या राहून बोलल्या आणि आश्रमासाठी पैसे मागितले. पुढे अमेरिकेला गेल्या. इंग्रजी शिकण्यासाठी तिथं लोकांच्या घरी कामाला राहिल्या, आणि मग त्याच देशात हात पुढे केला. १९२८ साली त्यांची 'माझी कहाणी' निघाली. मी दर मार्चअखेरीला, आकडे जुळत नसले की, तिच्यातली कुठलीही पानं उघडून बसते. स्वतःसाठी काही न मागणाऱ्या बाईला दुसऱ्यासाठी मागताना केवढं बळ येतं, ते तिथं दिसतं.

१९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. चार वर्षांनी सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपये दिले, आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव आलं: श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. त्याच विद्यापीठात १९७४ साली नीरा देसाईंनी स्त्रियांविषयीच्या संशोधनाचं केंद्र उभं केलं, देशातलं पहिलं. आमच्यासारख्या लहान संस्था त्याच वाटेनं आल्या. आपण एसएनडीटी म्हणतो आणि पुढे जातो. पण त्या अक्षरांत एक आई आहे.

मधल्या काळात दिवस कठीण आले. २०२०मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. मोठ्या संस्थेनं आपल्या निधीतून लहान संस्थेला देणं बंद झालं, आणि आमचा जो थोडा पैसा तसा येत होता, तो आटला. दोघीजणींना मला सांगावं लागलं की पुढच्या महिन्यापासून पगार नाही. त्यांच्यातली एक त्यानंतरही तीन महिने येऊन उतरवायचं काम पुरं करून गेली. तिच्याविषयी याहून जास्त लिहायला माझा हात वळत नाही.

तेव्हापासून मी घरांकडे वळले. पाचशे, हजार, दोन हजार. शनिवार पेठेतल्या एक निवृत्त शिक्षिका दर वर्षी पेन्शनमधून पाच हजार देतात. वय ऐंशीच्या पुढे. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. त्या चेक लिहून ठेवतात, चहा ठेवतात आणि विचारतात, "मग, काय निघालं या वर्षी?" हा प्रश्न इतर देणगीदार फारसा विचारत नाहीत. मी अहवाल देते, त्या तो पेन्सिल घेऊन वाचतात, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त करून पुढच्या वर्षी परत करतात.

यंदा परत आलेल्या अहवालात चुकांच्या खुणा थोड्याच होत्या. एका पानावर मात्र एका बाईचं बोलणं होतं: पांढरं जायचं, कंबर धरायची, कुणाला सांगितलं नाही, दहा-बारा वर्षं अंगावरच काढलं. त्या ओळीशेजारी समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'आई'.

मी काही बोलले नाही. त्याही नाही. पावतीपुस्तक उघडलं, कार्बन सरकवला. नाव, अक्षरी रुपये पाच हजार फक्त. 'कारण' भरलं, 'संशोधन'. पेन उचलणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, "या वर्षी ते स्मरणार्थ पण भर." आणि आईचं नाव सांगितलं. मी पहिलं अक्षर लिहिणार, तर म्हणाल्या, "थांब. ते लग्नात बदललेलं. तिचं स्वतःचं नाव वेगळं होतं."

कोणतं, ते त्यांना आठवेना. थोडा वेळ त्या भिंतीकडे बघत राहिल्या. मग मोबाईल शोधला, चष्मा शोधला आणि मिरजेला थोरल्या बहिणीला फोन लावला. खूप वेळ रिंग वाजली. पलीकडून आवाज आल्यावर बाई मोठ्यानं म्हणाल्या, "अक्का, आईला माहेरी काय म्हणायचे गं?" ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारलं. मग बराच वेळ दोन्हीकडे कुणीच बोलेना. फोनमधून फक्त तिकडचा पंखा फिरल्याचा आवाज येत होता. "आज्जी हाक मारायची बघ," पलीकडून म्हातारा आवाज सावकाश म्हणाला, "न्हाणीपाशी उभी राहून..."

मी पेन उघडंच धरून बसले होते.