मॅडम, आपल्या गावाला स्टेशन आहे ना?



चौथीच्या वर्गात परिसर अभ्यासाच्या तासाला 'वाहतूक' हा घटक सुरू होता. डी.एड.ला आम्हाला एक सूत्र घोटून घोटून शिकवलं होतं, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. म्हणून विमान, जहाज वगैरे बाजूला ठेवलं आणि मुलांना सोपा गृहपाठ दिला. घरातली मोठी माणसं कामाला कुठे आणि कशाने जातात, ते पाच वाक्यांत लिहून आणा.

दुसऱ्या दिवशी वह्या तपासायला घेतल्या. बहुतेकांनी मोटारसायकल लिहिलं होतं. एका मुलीने लिहिलं होतं, "माझे पप्पा पुण्यात कॅम्पात दुकानात कामाला आहेत. ते गाडीवर जातात. रात्री ते येईपर्यंत मम्मी जेवत नाही. हायवेला ट्यांकर असतात." मी सवयीने लाल पेनाने 'टँकर' असं दुरुस्त केलं आणि मग पेन खालीच ठेवलं. शुद्धलेखन सुधारलं, पण ती माऊली उपाशी का बसते ते मी वाचलंच नव्हतं.

आपल्या भागातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. लोणी काळभोरला तेल कंपन्यांचे डेपो आहेत, सोलापूर हायवेला दिवसरात्र टँकर, उसाचे ट्रॅक्टर आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या दुचाक्या.

त्याच मुलीने वर्गात विचारलं, "मॅडम, आपल्या गावाला स्टेशन आहे ना? मग पप्पा रेल्वेने का नाही जात?"

मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर लोणीत इतकी वर्षं राहून मी स्वतःच रोजच्या कामाला कधी रेल्वे वापरली नव्हती. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी मुद्दाम रेल्वेने पुण्याला गेले. मांजरी, हडपसर करत अर्ध्या तासाच्या आसपास पुणे स्टेशन आलं. संध्याकाळी हडपसरच्या गर्दीत सापडलं तर याच अंतराला तासाच्या वर जातो. अडचण आली ती परत येताना. मला वेळेचा अंदाज चुकला, एक गाडी गेली, आणि पुढची लवकर नव्हती. लोणीला उतरले तेव्हा अंधार पडला होता. स्टेशन हायवेच्या पलीकडे, गावठाण अलीकडे. रिक्षा मिळेना. जीव मुठीत धरून हायवे ओलांडला तेव्हा प्रश्नाचं उत्तर कळलं. रेल्वेचा प्रवास सोपा आहे, स्टेशन ते घर हा प्रवास अवघड आहे.

सोमवारी मैदानावर फक्कीने बसचा आकार आखला, १२ मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद. वर्गातली सगळी मुलं आत उभी केली, तरी जागा उरली. मग प्रत्येकाला आपापली मोटारसायकल आखायला सांगितली, मागेपुढे सुरक्षित अंतर ठेवून. रेघा पार किचन शेडपर्यंत गेल्या. एक जण ओरडला, "मॅडम, मैदान संपलं!" वाहतूक कोंडी म्हणजे काय, हे मला वेगळं समजवावं लागलं नाही.

नंतर मुलांना थोडी माहिती सांगितली. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावते. आपल्या पुणे-दौंड मार्गावर, म्हणजे सुमारे ७५ किलोमीटरवर, २०१७ मध्ये डेमू आली. मार्गाचं विद्युतीकरण झालं होतं, पण आली ती डिझेलवर चालणारी गाडी. या मार्गाला लोणावळ्यासारखी उपनगरी सेवा मिळावी, ही प्रवाशांची जुनी मागणी आहे. पुण्यात मार्च २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली, ती लोणीपर्यंत आणायचा प्रस्तावही आहे. ती आली तर आनंदच आहे. पण मेट्रो येईल तेव्हा येईल, आपलं स्टेशन तर आजही आहे!

२००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या दोन बससेवा एकत्र करून पीएमपीएमएल झाली. दोन शहरांच्या बसेस एक होऊ शकतात, तर बसची वेळ रेल्वेच्या वेळेशी का जुळू नये? गाडी आली की स्टेशनबाहेर बस उभी हवी. गावापर्यंत दिवे आणि पायवाट हवी. हायवे ओलांडायला सुरक्षित जागा हवी. बस आणि रेल्वे मिळून एकच पास असावा. यातल्या दिवे आणि पायवाटेला तर मेट्रोइतका खर्चही नाही.

पत्रलेखनाच्या तासाला मुलांनी याच मागण्यांचा अर्ज लिहिला. 'मा. सरपंच यांस' इथपासून 'आपले नम्र' इथपर्यंत सगळं मुलांचंच. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहिले. त्या मुलीने आपल्या अर्जात शेवटी एक ओळ जास्तीची घातली होती, "म्हणजे आम्ही सगळे एकत्र जेवू." अर्जाच्या नमुन्यात असं वाक्य बसत नाही. या वेळी मी ते खोडलं नाही.

अर्ज ग्रामपंचायतीत दिला आहे, पोच वर्गात लावली आहे. मुलं रोज विचारतात, उत्तर आलं का? तुमच्या शाळेतही हा उपक्रम घेऊन पाहा. आणि पालकहो, महिन्यातून एकदा तरी मुलांना घेऊन आपल्या गावच्या स्टेशनवरून प्रवास करा. काय अडतंय ते मुलंच तुम्हाला सांगतील.