रांगेचा आनंद, रांगेची धास्ती

मे महिना लागला की रक्तपेढीच्या फ्रिजमधले कप्पे रिकामे दिसू लागतात. कॉलेजं बंद, निम्मं शहर गावाला. शिबिरं भरवायची कुठे? थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच.

जयंत्या आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसांना उलटं. एकाच रविवारी ठिकठिकाणी शिबिरं, बाहेर फ्लेक्स, आत रांगा. त्या रांगा बघून मला आनंद होतो, पण धास्तीही वाटते. लाल पेशी 2 ते 6 अंश सेल्सिअसला 35 ते 42 दिवस टिकतात. प्लेटलेट्स 20 ते 24 अंशांना, सतत हलत्या ठेवूनही, जेमतेम 5 दिवस; त्यातलाही काही वेळ एचआयव्ही, कावीळ, मलेरियाच्या तपासण्यांत जातो. गोठवलेला प्लाझ्मा तेवढा वर्षभर थांबतो.

कारखान्याला कच्चा माल कमी पडला तर जादा पैसे मोजून मागवता येतो. इथे पुरवठादार स्वेच्छेने येतो. एकदा रक्त दिलं की पुरुषाला तीन महिने, स्त्रीला चार महिने थांबावं लागतं. म्हणजे त्या एका रविवारी पुढच्या तिमाहीचे दातेही संपून जातात.

म्हणून आयोजकांचा फोन आला की मी विनंती करते: निम्मे दाते आज पाठवा, उरलेल्यांची यादी द्या, गरजेप्रमाणे बोलावू. काहींचा चेहरा पडतो, कारण फ्लेक्सवर मोठा आकडा हवा असतो. एका मंडळाने मात्र यंदा यादी दिलीय, रक्तगटांसकट. मेमध्ये पहिला फोन त्यातल्याच कुणाला तरी जाईल.